रिकीब आणि टाच

अश्वविद्येच्या इतिहासात रिकिबीला जो मान मिळाला आहे तो मुख्यतः तिच्या घट्टपणाबद्दलचा आहे. घोड्यावर बसलेल्या मनुष्याच्या पायाखाली आधार आला, त्या आधारावर उभा राहून तो तलवार चालवू लागला, भाला बगलेत दाबून घोड्याच्या साऱ्या वेगानिशी शत्रूवर आदळू लागला, आणि अशा स्वारांच्या पोषणासाठी राजांना जमिनी तोडून द्याव्या लागल्यामुळे युरोपात सरंजामशाही जन्मास आली, अशी मोठी मोहक उपपत्ती लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने १९६२ साली मांडली. आणि पुढच्याच वर्षी सॉयर व हिल्टन या दोघा इंग्रज पंडितांनी लोखंडाच्या एका कडीवर समाजरचनेचा एवढा डोलारा उभा करता येत नाही असे सांगून तिच्यावर कडक टीका केली. तो वाद विद्वानांचा विद्वानांनी मिटवावा. माझे कुतूहल आहे ते त्या वादात दोन्ही पक्षांच्या नजरेआड राहिलेल्या एका गोष्टीविषयी: ज्या आधाराने स्वाराला घोड्यावर पक्के बसविले, त्याच आधाराने तो खाली पडल्यावर त्याचा पाय सोडला नाही. रणांगणावर मेलेल्यांची गणना बखरींतून आणि शिलालेखांतून झाली. रिकिबीत घोटा अडकून माळरानावर फरफटत गेलेल्यांची नोंद दफ्तरांत क्वचितच झाली, आणि म्हणून रिकिबीने पाय धरावा कसा याचा इतिहास जितका लिहिला गेला, तितका तिने तो सोडावा कसा याचा लिहिला गेला नाही.

प्राचीन जगाने घोड्यावर बसण्याची कला रिकिबीवाचून साध्य केली होती, हे आज रिकिबीत पाय टाकूनही तोल जाणाऱ्या आपल्यासारख्यांना खरे वाटत नाही. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफॉनने अश्वारोहणावर जो बारीकसारीक तपशिलाचा ग्रंथ लिहिला त्यात रिकिबीचा उल्लेख नाही; आणि हिपॉक्रेटीसच्या नावावर चालणाऱ्या वैद्यकीय ग्रंथांत, अहोरात्र घोड्यावर राहणाऱ्या शकांना पाय सतत लोंबकळत राहिल्याने जडणाऱ्या व्याधींचे वर्णन आहे. पायाला आधार द्यावा ही कल्पना प्रथम ज्या प्रदेशांत मूर्त झालेली दिसते त्यांत आपला देश आहे. सांची आणि मथुरा येथील शिल्पांत, आणि पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना मळवलीजवळच्या भाजे येथील लेण्यात, सूर्यरथाबरोबर चालणाऱ्या अश्वारूढ आकृतींत, स्वाराचा पाय तंगाच्या पट्ट्यात खोवलेला किंवा दोरीच्या लहानशा वेटोळ्यात टेकविलेला अभ्यासकांना आढळला आहे. हे वेटोळे अंगठ्यापुरते असे. उष्ण देशातील अनवाणी स्वाराला तेवढे पुरेसे होते, आणि, हेतू कोणताही असो, त्यात एक मोठे अभय होते: ज्या वेटोळ्यात अंगठ्याशिवाय काही शिरतच नाही, त्यात घोटा अडकण्याची भीती नाही.

या कल्पनेचा एक दूरचा सोबती दक्षिण अमेरिकेच्या पंपास गवताळ प्रदेशात भेटतो. तेथील गाउचो हे गुरे राखणारे स्वार शिंगराच्या मागच्या पायाचे कातडे अखंड सोलून त्याचेच बूट चढवीत. त्या बुटांतून पायाची बोटे उघडी राहत, आणि रिकिबीच्या जागी वादीच्या टोकाला बांधलेली एक गाठ अंगठा व शेजारचे बोट यांच्या फटीत धरून ते दिवसच्या दिवस दौडत. भाजे आणि पंपास यांच्यात कोणताही संबंध जोडण्याचा माझा मानस नाही. उघड्या पायाच्या माणसाने दोन ठिकाणी तीच गोष्ट शोधावी यात नवल नाही. पडताना बोटे सैल झाली की गाठ सुटते. त्यासाठी यंत्र लागत नाही, स्प्रिंग लागत नाही, आणि सोनारीसारख्या कारागिरीची तर मुळीच गरज नाही.

अडचण आली ती बुटांबरोबर. उत्तरेकडील थंड मुलखात अनवाणी पायाने घोड्यावर बसणे शक्य नव्हते, आणि जाड बूट घातलेला पाय अंगठ्याच्या वेटोळ्यात मावत नव्हता. तेव्हा सबंध पाय आत जाईल एवढी कडी करावी लागली. चीनमध्ये चांगशा येथील ३०२ सालच्या थडग्यातील मातीच्या घोड्याला एकाच बाजूस, चढण्यापुरती, अशी कडी आहे. नानजिंगजवळच्या ३२२ सालच्या थडग्यात ती दोन्ही बाजूंना आली. आणि ४१५ साली मरण पावलेल्या फंग सुफू या उत्तर येन राज्यातील सरदाराच्या थडग्यात तुतीच्या लाकडावर सोन्याचा मुलामा दिलेल्या काशाचा पत्रा मढविलेली खरीखुरी जोडी सापडली. पुढे आवार टोळ्यांनी ही वस्तू युरोपच्या दाराशी नेली, आणि सहाव्या शतकाच्या अखेरीस बायझंटाइन सम्राट मॉरिसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या युद्धग्रंथात स्वाराच्या जिनाला लोखंडी रिकिबी असाव्यात असा स्पष्ट हुकूम आहे.

अधिक सुरक्षित रिकीब कोणी मुद्दाम निवडली अशी जी जुनी कैफियत मला ठाऊक आहे, ती मात्र अरबस्तानची आहे. नवव्या शतकातील ग्रंथकार अल-मुबर्रद सांगतो की, अरबांच्या रिकिबी पूर्वी लाकडाच्या असत, त्या सहज मोडत, आणि ऐन वार करण्याच्या क्षणी स्वार पायाला जोर देऊ जाई तो त्याच्या पायाखाली काहीच उरत नसे. म्हणून खारिजी बंडखोरांविरुद्ध मोहिमेवर असलेल्या अल-मुहल्लब या उमय्यांच्या सेनापतीने त्या लोखंडाच्या करविल्या. सेनापतीच्या दृष्टीने सुरक्षितता म्हणजे न मोडणे. यात त्याची चूक काढता येणार नाही. ज्याला शेकडो स्वार एका ओळीत शत्रूवर घालायचे आहेत तो कोण केव्हा पडेल याचा विचार करीत बसत नाही. परंतु मोडक्या लाकडी रिकिबीत जो एक अजाणता दिलासा होता तो लोखंडाने काढून घेतला: लाकूड प्रसंगी तुटून स्वाराला मोकळा करी, लोखंड करीत नाही.

पाय अडकतो म्हणजे नेमके काय होते, हे येथे सांगितले पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या तोडग्यांचा उगम त्यात आहे. स्वाराने रिकिबीवर चवडा टेकवायचा असतो. टाच मोकळी आणि किंचित खाली. घोडा बुजला, उसळला, किंवा अडखळून पुढे कोसळला की तोल गेलेला पाय आत सरकतो आणि घोट्यापर्यंत कडीतून आरपार जातो. स्वार एका बाजूला पडतो, त्याच्या वजनाने कडी वळते, आणि आडवी झालेली कडी घोट्याला असा चिमटा घेते की मोकळ्या हातांनीही तो सुटू नये. त्यातच घोडा हा भित्रा प्राणी. आपल्या कुशीला काहीतरी लोंबकळते आहे एवढेच त्याला कळते, आणि त्या लोंबकळणाऱ्या वस्तूपासून पळण्यासाठी तो लाथा झाडीत धावतो. म्हणूनच रिकिबीच्या रुंदीचा जुना नियम आहे की ती बुटाहून साधारण एक इंच अधिक असावी: त्याहून अरुंद असली तर पाय अडकून बसतो, त्याहून रुंद असली तर आरपार जातो. मुलाला बापाच्या जिनावर बसविणे हे या कारणाने कौतुकाचे असले तरी धोक्याचे आहे.

इंग्लंडातील धनिक लोकांनी कोल्ह्याच्या शिकारीत कुंपणांवरून घोडे उडविताना या संकटाची किंमत पुरेपूर मोजली, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांच्या कारागिरांनी त्यावर यांत्रिक उपायांची रीघ लावली. इंग्रजी जिनाला रिकिबीची वादी ज्या लोखंडी दांड्यावर अडकविलेली असते त्याच्या टोकाला त्यांनी बिजागरीची कळ बसविली. मागे ओढ बसली की कळ उघडते आणि वादीसकट रिकीब निसटून स्वाराबरोबर जमिनीवर येते. एका अंगावर बसणाऱ्या स्त्रियांसाठी, ज्यांचा घोळदार झगा आणि खोगिराची शिंगे हे अपघाताला आणखी एक आमंत्रणच होते, एका रिकिबीच्या आत दुसरी लहान रिकीब ठेवून ओढीसरशी आतली सुटावी अशी रचना झाली. पुढे मुलांसाठी बाहेरची बाजू मोकळी असलेली आणि ती रबराच्या वळ्याने सांधलेली रिकीब आली. पाय ओढला की रबर निसटते. यांतील प्रत्येक युक्ती बुद्धिमान आहे आणि प्रत्येकीला मनुष्यस्वभावाने दगा दिला आहे. कळ गंजते, वादी वाटेत गळून हरवू नये म्हणून काटकसरी मोतद्दार ती दाबून बंदच ठेवतो, आणि रबराची रिकीब थोराच्या वजनाने वाकते. जाणते स्वार कळ उघडीच ठेवून बसतात, म्हणजे कारागिराने केलेल्या कामाचा अर्धा भाग निकामी करूनच त्याचा उपयोग करतात.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील रँचवर मात्र या इंग्रजी उपायांपैकी एकही रुजला नाही, आणि याचे कारण अडाणीपणा नव्हे. तेथील खोगीर वेगळ्याच कामासाठी घडलेले होते. १५१९ साली कोर्तेसबरोबर मेक्सिकोच्या किनाऱ्यावर १६ घोडे उतरले, त्यानंतरच्या तीन शतकांत स्पॅनिश जिनाचे रूपांतर होत होत ते गुरे धरण्याचे साधन बनले: पुढे जाड शिंग, ज्याला फासाच्या दोराचे टोक गुंडाळायचे किंवा पक्के बांधायचे, दुसऱ्या टोकाला उधळलेला बैल, आणि मध्ये हा सारा हिसका सोसणारा घोडा व त्याचे खोगीर. येथे रिकिबीची रुंद वादी दांड्याला अडकविलेली नसते, ती लाकडी सांगाड्यावरून ओवून घेतलेली असते. ती सुटू लागली तर बैल धरताना, उतारावर, किंवा नदी ओलांडताना स्वार भलत्याच क्षणी उघड्यावर पडेल. घट्टपणा हा या धंद्याचा पाया होता. तेव्हा सुटकेची तजवीज वादीत करता येत नव्हती. ती पायाच्या भोवती करावी लागली.

मेक्सिकोच्या आणि पुढे टेक्सास-कॅलिफोर्नियाच्या वाकेरो स्वारांनी ती दोन प्रकारे केली. पहिला प्रकार म्हणजे रिकिबीच्या पुढच्या बाजूला चढविलेला चामड्याचा टोप, ज्याला ते टापादेरो म्हणत. पुढून बंद असलेल्या रिकिबीत चवडा शिरतो, आरपार जात नाही. आणि ज्या कडीतून पाय पलीकडे जाऊच शकत नाही तीत घोटा अडकणार कसा? या टोपाचे इतर उपयोगही थोडे नव्हते. दक्षिण टेक्सासचा मेस्किट म्हणजे आपल्याकडील वेड्या बाभळीचा सख्खा भाऊबंद. त्याच्या काटेरी जाळ्यांतून वासरामागे घोडा घालणाऱ्याच्या बोटांचे रक्षण टोप करी, आणि उत्तरेकडील बर्फात आतून लोकर लावली की पाय गोठत नसे. टोपांचे आकार प्रदेशाप्रमाणे बदलत गेले आणि त्यांना नावेही पडली, कोठे बुलडॉग, कोठे माकडाचे नाक, कोठे गरुडाची चोच. त्यांतील कॅलिफोर्नियाची गरुडचोच तर घोड्याच्या पोटाखाली लोंबकळेल एवढी लांब असे. ती लांबी उपयोगासाठी नव्हती, दिमाखासाठी होती. मात्र लोंबणाऱ्या चामड्याच्या भाराने रिकीब सरळ खाली राही, आणि निसटलेल्या पायाला ती सहज सापडे, एवढे श्रेय त्या दिमाखालाही दिले पाहिजे.

दुसरा प्रकार बुटात होता, आणि माझ्या मते तो अधिक चतुर होता. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले. १८६७ साली कॅन्ससमधील ॲबिलीन येथे रेल्वेच्या मालधक्क्यावर गुरांचा बाजार उभा राहिला. आणि टेक्सासमधून तेथवर महिनोन्महिने कळप हाकीत नेण्याचा तो प्रसिद्ध काळ सुरू झाला. या स्वारांना पायदळाचे सपाट बूट चालेनात. ओलेथच्या हायर कुटुंबाने आणि १८७९ साली लाल नदीकाठच्या स्पॅनिश फोर्ट गावी दुकान थाटणाऱ्या जस्टिन यांनी ज्या धर्तीचे बूट शिवले त्यांत हळूहळू एक सबंध शहाणपण साठत गेले. टाच उंच आणि खालून आत वळलेली, म्हणजे पाय पुढे सरकला तर टाच रिकिबीला अडून तो तेथेच थांबावा. तळवा गुळगुळीत, म्हणजे मागे ओढताच पाय सुटावा. पुढचे टोक निमुळते, म्हणजे धावत्या घोड्यावर रिकीब शोधताना ते पटकन आत शिरावे. आणि पोटरीवरचा भाग सैल, म्हणजे सगळे उपाय हरले तर बूट रिकिबीत राहावा आणि पाय त्यातून बाहेर यावा. इंग्रजी कळीने रिकीब सोडली. येथे माणूस बूट सोडतो. उनाड घोड्यांवर बसणारे रोडिओचे खेळाडू आजही मुद्दाम सैल बूट घालतात ते याचसाठी. आता त्या उंच टाचेमागे तारुण्यसुलभ ऐट नव्हती असे मी म्हणणार नाही. विशीतल्या पोरांनी ठुमकत चालावे आणि गावातल्या मुलींनी पाहावे ही गोष्ट बूट शिवणाऱ्याच्या हिशेबात असणारच. पण ज्या ऐटीने जीव वाचतो तिला कोण नावे ठेवील?

या निवडीमागे एक आर्थिक व्यवस्था होती, आणि ती मराठी वाचकाला चटकन उमगेल. आपल्या घोडदळात बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे आणि शिलेदार आपला घोडा, आपले हत्यार घेऊन चाकरीस येई. रँचवरचा काउबॉय या दोहोंचे मिश्रण होता: घोडे मालकाचे, पाच-सहा किंवा अधिक, कामाप्रमाणे बदलायचे, पण खोगीर त्याचे स्वतःचे. महिना तीसेक डॉलर पगाराच्या मनुष्याला ते महिन्याहून अधिक कमाईचे पडे, आणि एखाद्याने खोगीर विकले असे म्हणणे म्हणजे तो पार बुडाला असे म्हणणे होते. घोड्याच्या बाबतीत बारगीर आणि खोगिराच्या बाबतीत शिलेदार अशा या माणसाची रिकीब कोणत्या रुंदीची, कोणत्या टोपाची, लाकडाची की पितळेने मढविलेली, हे ठरविणारा तोच होता, आणि चुकल्यास फरफटणाराही तोच होता. अल-मुहल्लबने आपल्या स्वारांसाठी निवडले ते सेनापतीच्या सोयीचे होते. अमेरिकन सैन्याने १८५९ साली स्वीकारलेल्या मॅक्लेलन खोगिराला लाकडी रिकिबी व त्यांवर चामड्याचे टोप दिले तेही वरून आलेल्या हुकुमाने. रँचवरची निवड मात्र ज्याचा जीव त्याचीच होती. टोप, टाच, सैल बूट हे उपाय कोणा एका संशोधकाच्या नावावर नाहीत याचे कारणही बहुधा हेच असावे.

दुसऱ्याच्या नियमाने रिकीब ठरली की काय होते याचे एक दुःखद उदाहरण रोडिओच्या इतिहासात आहे. उसळणाऱ्या घोड्यावरच्या स्पर्धांत स्त्रियांना दोन्ही रिकिबी घोड्याच्या पोटाखालून वादीने एकमेकींना बांधून बसण्याची मुभा असे, जी पुरुषांना नव्हती. बांधलेल्या रिकिबी हेलकावत नाहीत, पाय जागेवर राहतात, बसणे सोपे होते. वरवर ही दुर्बलांना दिलेली सवलतच वाटे. वस्तुतः तिने पडणाऱ्या स्त्रीला घोड्याशी जखडून टाकले. आयडाहोमधील बॉनी मॅकॅरल ही त्या काळची नामवंत घोडेस्वार. १९१५ साली पेंडल्टन येथे सिल्व्हर नावाच्या घोड्यावरून उलटी फेकली जात असतानाचे तिचे छायाचित्र देशभर गाजले होते, आणि १९२२ साली शायेन व न्यूयॉर्क अशा दोन्ही ठिकाणच्या मोठ्या स्पर्धा तिने जिंकल्या होत्या. सप्टेंबर १९२९ मध्ये त्याच पेंडल्टनच्या मैदानावर ती बांधलेल्या रिकिबींनी बसली. घोडा कोसळला, उठला, आणि पाय न सुटलेल्या तिला घेऊन उसळत राहिला. काही दिवसांनी ती रुग्णालयात वारली. यावर पेंडल्टनच्या व्यवस्थापकांनी काय करावे? बांधलेल्या रिकिबी बंद करणे हा सरळ मार्ग होता. त्यांनी स्त्रियांची ती स्पर्धाच बंद केली, आणि इतर अनेक ठिकाणी तिला तशीच उतरती कळा लागली. दोष वादीचा, आणि शिक्षा स्वाराला, हा न्याय कोणत्याही पागेतल्या मोतद्दाराला पटला नसता.

विसाव्या शतकात रँचचा धंदा बदलला. ईटन बंधूंनी डाकोटात पैसे घेऊन पाहुणे ठेवण्यास सुरुवात केली होती, १९०४ साली त्यांनी आपले बिऱ्हाड वायोमिंगला हलविले, आणि १९२६ पर्यंत अशा पाहुण्यांच्या रँचचालकांचा एक संघच स्थापन झाला. आता घोडाही मालकाचा आणि खोगीरही मालकाचे. बसणारा शहरातला, पायात कापडी सपाट बूट, टाच नावाची वस्तूच नाही. काउबॉयने जी सुरक्षितता आपल्या पायात घालून आणली होती ती या पाहुण्याकडे नव्हती, म्हणून ती पुन्हा रिकिबीत आणावी लागली. पाहुण्यांच्या घोड्यांवर आज चामड्याचे टोप किंवा धातूच्या जाळीचे पिंजरे दिसतात, रुंद व खरखरीत तळपट्टीच्या रिकिबी दिसतात, आणि अलीकडे ओढीसरशी बाजू उघडणाऱ्या बिजागरीच्या रिकिबीही रँचच्या खोगिरांना लागू लागल्या आहेत. म्हणजे इंग्लंडची कळ शंभर वर्षांनी, वादी सोडून रिकिबीत शिरून, अखेर पश्चिमेत पोहोचली. तेथील जाणत्या माणसांचा कल मात्र अजूनही टोपाकडे अधिक आहे. यंत्र तपासावे लागते, टोप नुसता असावा लागतो.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा आहे असे समजण्याचे कारण नाही. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली माथेरान शोधून काढले, आणि गावात मोटारींना मज्जाव राहिल्यामुळे घोडा हे तेथले वाहन टिकून राहिले. दस्तुरी नाक्यावर मोटारीतून उतरलेला प्रवासी चपला किंवा सपाट बूट घालून, आयुष्यात प्रथमच, परक्या मापाच्या रिकिबीत पाय घालतो. त्याची सारी भिस्त लगाम धरून लाल मातीतून बरोबर चालणाऱ्या घोडेवाल्यावर असते, आणि चढावर त्या घोडेवाल्याचा एक हात बहुधा प्रवाशाच्या गुडघ्यापाशी असतो. मुलांना बसविताना रिकिबीच्या कडीत पाय न घालता वरच्या वादीतच पाय अडकविण्याची जी रीत काही ठिकाणी दिसते, ती तेवढी आधी मोडली पाहिजे, कारण वादीत अडकलेला पाय कडीतल्याहून कठीण सुटतो. बाकी टोपाचे काम अवघड नाही: जाड चामड्याचा वीतभर तुकडा, पुढून वळवून कडीच्या दोन्ही बाजूंना टाके, आणि घोटा आत न जाईल इतकी खोली. हे काम कोणत्याही मोच्याला जमते.